रिव्हिजननंतरचा खुबा एक्स-रेवर कसा वाचावा: कप आणि स्टेम पक्के आहेत का, हे ठरवण्याची पद्धत

उदगीर, माजलगाव, गंगाखेड, हदगाव अशा गावांत हाडांची प्रॅक्टिस करणाऱ्याकडे रिव्हिजन झालेला, म्हणजे आधीचा कृत्रिम सांधा काढून पुन्हा बसवलेला, खुबा येतो, तो बहुधा दुसऱ्याने केलेला असतो. नांदेडकडचा पेशंट हैदराबादला जाऊन आलेला, तुळजापूरकडचा सोलापूरला, बीडचा पुण्याला नाहीतर संभाजीनगरला. ऑपरेशन तिकडे आणि फॉलोअप इकडे. पिशवीतली फिल्म टेबलावर ठेवून पेशंट एकच विचारतो, "डॉक्टर, बसलाय ना नीट?"

या प्रश्नाचं उत्तर एका फिल्मवर देऊ नये, असं माझं आग्रहाचं म्हणणं आहे. इम्प्लांट, म्हणजे खुब्याच्या खळग्यातला कप, मांडीच्या हाडात घातलेला स्टेम आणि त्यावरचा बॉल, पक्कं की सैल, हे दोन फिल्ममधल्या फरकावरून कळतं. पहिल्या रिप्लेसमेंटला हे लागू आहेच. रिव्हिजनमध्ये तर हाड आधीच झिजलेलं, कुठे ग्राफ्ट (रिकामी जागा भरायला घातलेलं हाड) भरलेला, कुठे तारा, कुठे जुन्या सिमेंटचे तुकडे. एकटी फिल्म पाहिली तर जवळजवळ प्रत्येक रिव्हिजन सैल वाटतं.

आधी कागद, मग फिल्म

व्ह्यूबॉक्स लावण्याआधी डिस्चार्ज कार्ड मागा. त्यात इम्प्लांटचे स्टिकर चिकटवलेले असतात. त्यावर कपचा बाहेरचा व्यास, बॉलचा व्यास, स्टेमचा प्रकार आणि लांबी मिळते. ऑपरेशन नोट मिळाली तर फारच चांगलं. हाडाची खिडकी उघडून जुना स्टेम काढला होता का, म्हणजे एक्स्टेंडेड ट्रोकँटरिक ऑस्टिओटॉमी केली होती का? ग्राफ्ट भरला का? सिमेंट वापरलं का, आणि वापरलं असेल तर जुनं सगळं काढून की जुन्यातच नवं भरून?

हे सगळं विचारायचं कारण असं की 'नॉर्मल' दिसणं प्रत्येक इम्प्लांटचं वेगळं असतं. पॉलिश केलेला निमुळता सिमेंटेड स्टेम पहिल्या एक-दोन वर्षांत सिमेंटच्या आत १ ते २ मिमी खाली सरकतो. त्याची रचनाच तशी आहे, तो सरकूनच घट्ट होतो. खरबरीत पृष्ठभागाचा, सिमेंटला चिकटून राहायला बनवलेला स्टेम तेवढाच सरकला, तर तो सुटला असं समजावं. फिल्म दोन्हींची सारखीच दिसेल. फरक स्टिकरवर असतो.

फिल्म कशी काढून घ्यावी

टेक्निशियनला नुसतं 'हिप एपी' लिहून पाठवलं, की स्टेमचं टोक कापलेली फिल्म परत येते. रिव्हिजनचा स्टेम लांब असतो. चिठ्ठीवर स्पष्ट लिहा: दोन्ही खुब्यांसह पेल्व्हिस एपी (समोरून), पावलं १५ अंश आत वळवून, शिवाय त्या बाजूची मांडी, स्टेमच्या टोकाखाली निदान २-३ सेंमी हाड दिसेल अशी, एपी आणि लॅटरल (बाजूने). टोक एका कॅसेटमध्ये येत नसेल तर दोन फिल्म घ्या, पण टोक सोडू नका. सैल स्टेमच्या कित्येक खुणा तिथेच असतात.

फिल्म हातात आली की आधी तिची पारख करा. माकडहाड सिम्फिसिसच्या (पेल्व्हिसच्या पुढच्या सांध्याच्या) रेषेत आहे का आणि दोन्ही ऑब्ट्युरेटर फोरामेन (पेल्व्हिसच्या खालच्या भागातली मोठी छिद्रं) सारखी दिसतात का, हे पाहिलं की पेल्व्हिस फिरलेला नाही याची खात्री होते. लेसर ट्रोकँटर (मांडीच्या हाडाचा आतल्या बाजूचा छोटा उंचवटा) किती बाहेर दिसतो, यावरून मांडी किती वळलेली आहे ते कळतं. जुन्या फिल्ममध्ये तो मोठा आणि नव्यात जेमतेम दिसत असेल, तर दोन फिल्मची तुलना करताना हात आखडता घ्या. ताठरलेला खुबा आत वळतच नाही, तेव्हा तसं रिपोर्टमध्ये लिहा आणि पुढच्या वेळीही त्याच पोझिशनमध्ये काढायला सांगा.

मोबाइलवर आलेल्या फोटोंबद्दल थोडं. तिरप्या कोनातून, ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पडलेल्या फोटोवर मिलिमीटरचा निर्णय करणं धोक्याचं आहे. फोटोच पाठवायचा असेल तर फिल्म व्ह्यूबॉक्सवर सपाट लावा, चारही कडा दिसू द्या, मोबाइल समोर सरळ धरा. सेंटरवर डिजिटल मशीन असेल तर सीडी मागून घ्या. आपल्याकडच्या मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत ठेवलेली ड्राय फिल्म काळवंडते, सीडीला तेवढा त्रास नाही.

फिल्म तारखेने मांडा

जेवढ्या फिल्म मिळतील तेवढ्या तारखेनुसार ओळीने लावा. सर्वांत महत्त्वाची फिल्म ऑपरेशननंतरची पहिली, कारण तीच मोजमापाचा शून्य आहे. ती नसेल तर सहा आठवड्यांची चालेल. तीही नसेल तर आजची फिल्म शून्य धरा आणि तीन महिन्यांनी पुन्हा काढा. ज्याने ऑपरेशन केलं त्या हॉस्पिटलला पेशंटच्या नातेवाइकाकडून फोन करवा, सिस्टिममधून जुनी फिल्म मिळते. हा एक फोन पुष्कळदा सीटी स्कॅनचा खर्च वाचवतो.

नंतर घाईने शेवटच्या दोनच फिल्म जोडीने पाहू नका. पहिली आणि शेवटची शेजारी लावा. संथपणे सरकणारा कप लागोपाठच्या फिल्ममध्ये पकडता येत नाही.

मोजमाप: मॅग्निफिकेशनचा हिशेब सोडू नका

फिल्मवर हाड खऱ्यापेक्षा मोठं दिसतं, सर्वसाधारणपणे १५ ते २० टक्के. जाड पेशंटचा खुबा कॅसेटपासून दूर असतो, म्हणून आणखी मोठा. दोन सेंटरवरच्या दोन फिल्म वेगवेगळ्या प्रमाणात मोठ्या असतात. यावर उपाय फिल्ममध्येच असतो: बॉलचा खरा व्यास स्टिकरवर लिहिलेला आहे. धातूच्या कपाआड बॉलची कड नीट दिसत नसेल, तर कपचा बाहेरचा व्यास धरा.

समजा बॉल ३२ मिमीचा आहे. पहिल्या फिल्मवर तो ३६ मिमी भरला, आणि ग्रेटर ट्रोकँटरच्या (मांडीच्या हाडाच्या बाहेरच्या मोठ्या उंचवट्याच्या) टोकापासून स्टेमच्या खांद्यापर्यंतचं उभं अंतर १८ मिमी आलं. वर्षभरानंतरच्या फिल्मवर बॉल ४० मिमी आणि तेच अंतर २२ मिमी. नुसती वजाबाकी केली तर स्टेम ४ मिमी खचला. आता प्रमाण काढा: ३६ भागिले ३२ म्हणजे १.१२५, त्याने १८ ला भागलं की १६ मिमी. ४० भागिले ३२ म्हणजे १.२५, त्याने २२ ला भागलं की १७.६ मिमी. खरा फरक १.६ मिमी. साध्या फिल्मवर हाताने मोजताना दोन-तीन मिमीची चूक सहज होते, म्हणजे हा फरक धरण्याजोगा नाही. चार मिमीच्या भरवशावर पेशंटला पुन्हा टेबलावर घेतलं असतं तर?

दुसरी अडचण खास रिव्हिजनची. ऑस्टिओटॉमी केलेली असेल तर ग्रेटर ट्रोकँटर स्वतःच जागचा हलू शकतो. तो वर सरकला तर स्टेम खचल्यासारखा भास होतो. तिथे लेसर ट्रोकँटर किंवा मांडीच्या मुख्य हाडावरची न हललेली खूण धरा. केबलही खूण म्हणून चालते, मात्र ती हाडावर घट्ट आहे आणि घसरलेली नाही हे आधी बघा.

कपसाठी दोन्ही टीअरड्रॉपच्या (खळग्याच्या तळाशी फिल्मवर दिसणाऱ्या थेंबासारख्या आकाराच्या) खालच्या टोकांना जोडणारी रेषा आखा. त्या रेषेपासून कपच्या केंद्राची उंची, टीअरड्रॉपपासून आडवं अंतर आणि कपचा कल, अशा तीन गोष्टी मोजा. जुन्या झिजेत टीअरड्रॉप नाहीसा झाला असेल तर दोन्ही इश्चियमच्या (बैठकीच्या हाडांच्या) खालच्या कडांची रेषा घ्या. पेल्व्हिस फिरलेला असेल तर आडव्या अंतरावर विश्वास ठेवू नका.

काळी रेषा खरी की आभासी

धातू किंवा सिमेंट आणि हाड यांच्यामधली काळी रेषा दिसली की आपण 'लूज' म्हणायला टपलेले असतो. डिजिटल मशीन गावोगाव आल्यापासून यात एक नवी फसगत आली आहे. इमेज कडक दिसावी म्हणून सॉफ्टवेअर कडा उठावदार करतं, आणि धातूच्या भोवती एक काळी झालर उमटते. शिवाय अतिपांढऱ्या कडेशेजारी माणसाच्या डोळ्यालाही काळी पट्टी असल्याचा भास होतो.

ओळखायचं कसं? स्टेमची मान बघा, जिथे भोवती हाडच नाही, नुसता मांसल भाग आहे. तिथेही तशीच झालर असेल तर ती मशीनची आहे. आभासी रेषा धातूच्या कडेने सगळीकडे एकाच जाडीने जाते. खऱ्या रेषेच्या पलीकडे बहुधा बारीक पांढरी रेघ असते: हाडाने आपली हद्द आखलेली. खरी रेषा एका झोनमध्ये (इम्प्लांटभोवतीचे आखून दिलेले भाग, ते पुढे येतात) असते, दुसऱ्यात नसते, कुठे रुंदावते. शंका राहिली तर टेक्निशियनला एज एन्हान्समेंट कमी करून तीच इमेज पुन्हा प्रिंट करायला सांगा. त्यासाठी नवा एक्स-रे लागत नाही.

रेषा खरी ठरली तर तीन गोष्टी लिहा: कोणत्या झोनमध्ये, किती मिमी रुंद, आणि आधीच्या फिल्मपेक्षा वाढली का. तिसरीचं वजन पहिल्या दोन्हींपेक्षा जास्त.

कप

कपभोवतीचे तीन झोन डिली आणि चार्नली यांनी १९७६ मध्ये आखून दिले: पहिला वरचा-बाहेरचा, दुसरा मधला, तिसरा खालचा-आतला.

सिमेंट नसलेल्या कपमध्ये ऑपरेशननंतरच्या पहिल्याच फिल्मवर दुसऱ्या झोनमध्ये मोकळी फट दिसणं नेहमीचं आहे. कप कडेला घट्ट बसतो, तळाला थोडी जागा उरते. ती फट महिन्यागणिक भरत गेली तर उत्तम, तशीच राहिली तरी चालेल. जी रेषा पहिल्या फिल्मवर नव्हती आणि नंतर आली, ती वाईट. तिन्ही झोनमध्ये सलग रेषा किंवा कपचं स्थलांतर, म्हणजे कप सैल.

हाड कपमध्ये शिरलं आहे याच्या पाच खुणा मूर आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये मांडल्या: काळ्या रेषा नसणं, वरच्या-बाहेरच्या कडेला हाडाचा टेकू, आतल्या बाजूला हाड विरळ होणं, कपकडे काटकोनात येणाऱ्या ट्रॅबेक्युला (हाडाच्या आतल्या बारीक काड्या) आणि खालच्या-आतल्या कडेला टेकू. पाचांपैकी तीन किंवा अधिक दिसल्या तर कप बसलेला असण्याची खात्री फार मोठी. मात्र ज्या खुब्यात हाडाचा तुकडाच नाही, तिथे टेकू उगवणार कुठून? म्हणून मोठ्या हाडझिजेच्या रिव्हिजनमध्ये या खुणा दिसल्या नाहीत म्हणून कप सैल म्हणू नये. तिथे स्थलांतर हाच मुख्य निकष.

स्क्रू तुटला असेल तर गंभीरपणे घ्या. कप हलल्याशिवाय स्क्रू सहसा तुटत नाही. स्क्रूभोवती काळी पोकळी असेल तर जास्तच. टँटलम धातूचे कप आणि ऑगमेंट (हाडाची उणीव भरणारे तुकडे) इतके दाट दिसतात की मागचं हाड झाकून जातं, तिथे फक्त कडा वाचता येतात. ऑगमेंट आणि कप यांच्यामध्ये नवी फट पडली का, तेवढं बघा. केजचा, म्हणजे कपला आधार देणाऱ्या धातूच्या सांगाड्याचा, प्रकार आणखी वेगळा. जुन्या पद्धतीच्या केजमध्ये हाड शिरत नाही, ती स्क्रू आणि फ्लँजच्या (हाडावर टेकणाऱ्या पट्ट्यांच्या) जोरावर उभी असते. पाठीमागचा ग्राफ्ट जुळला, त्यातून ट्रॅबेक्युला आरपार गेल्या, तर केज टिकते. ग्राफ्ट विरघळला तर आधी स्क्रू आणि मग फ्लँज तुटते.

सिमेंटेड कपमध्ये फक्त पहिल्या झोनमधली बारीक रेषा वर्षानुवर्षं तशीच असेल तर पेशंटला घाबरवू नका. पहिला आणि दुसरा दोन्ही झोन धरले असतील तर कप सैल असण्याची शक्यता मोठी आहे, आणि पूर्ण घेर धरला असेल तर बहुतेक सैलच.

स्टेम

ग्रुएन आणि सहकाऱ्यांचे १९७९ चे सात झोन एपी फिल्मवर: ग्रेटर ट्रोकँटरपाशी १, बाहेरच्या बाजूने खाली २ आणि ३, टोकाशी ४, आतून वर येताना ५, ६ आणि कॅल्करपाशी (मानेखालच्या आतल्या जाड हाडापाशी) ७. लॅटरलवर ८ ते १४. लॅटरल न पाहता स्टेमवर मत देऊ नये. लांब स्टेमचं टोक पुढच्या कॉर्टेक्सला (हाडाच्या कठीण कवचाला) टेकलेलं किंवा ते भेदून गेलेलं तिथेच दिसतं.

रिव्हिजनमध्ये आजकाल जास्त वापरला जातो तो खाचांचा निमुळता टायटॅनियम स्टेम. तो कुऱ्हाडीच्या दांड्यात ठोकलेल्या पाचरेसारखा मांडीच्या नळीत अडकतो. त्याचा आधार खाली, ३ ते ५ झोनमध्ये असतो. वरचं हाड बहुधा फाटलेलं, पातळ, पोकळ. झोन १ आणि ७ मधली काळी जागा पाहून हबकून जाऊ नका, तिथे पकड अपेक्षितच नव्हती. उलट चांगल्या बसलेल्या स्टेमभोवती वरचं हाड महिन्यागणिक भरताना दिसतं.

हे स्टेम सुरुवातीला थोडे खचतात. मुख्यतः पहिल्या तीन महिन्यांत, वजन टाकायला लागल्यावर. ५ मिमीच्या आत खचून थांबलेला स्टेम बहुधा दुसऱ्यांदा घट्ट बसलेला असतो. खचणं थांबलं का, हा खरा प्रश्न. सहा आठवड्यांवर ३ मिमी, तीन महिन्यांवर ५, वर्षालाही ५च: निवांत राहा. तीन महिन्यांवर ३, सहा महिन्यांवर ५, वर्षाला ८: हा स्टेम बसलेला नाही, पेशंट दुखत नाही म्हणत असला तरी.

पूर्ण लांबीवर खरबरीत कोटिंग असलेल्या स्टेमसाठी एंग आणि सहकाऱ्यांचे १९९० चे निकष अजून चालतात. कोटिंगच्या भागाभोवती काळी रेषा नसणं आणि आतल्या कॉर्टेक्सपासून कोटिंगपर्यंत नव्या हाडाचे पूल, म्हणजे स्पॉट वेल्ड, असणं या दोन मोठ्या खुणा. तीन महिन्यांच्या फिल्मवर वेल्ड शोधत बसू नका, ते सावकाश दिसायला लागतात. वरचं हाड विरळ, कॅल्कर गोलसर होत जाणं हे बघायला भीतिदायक वाटतं, पण त्याचा अर्थ वजन खालून वाहून जातंय, म्हणजे स्टेम पक्का आहे. उलट कॅल्कर जाड होऊ लागला तर सावध व्हा.

मधली एक अवस्था असते: स्टेमभोवती समांतर बारीक पांढरी रेघ, मध्ये एक-दोन मिमी काळी जागा, स्टेम मात्र जागच्या जागी. हाड शिरलेलं नाही, तंतुमय ऊतींनी धरलेलं आहे. असे पेशंट वर्षानुवर्षं चालतात. पुन्हा ऑपरेशनची घाई नको, फिल्म काढत राहा. रेषा समांतर न राहता वर आणि खाली फाकत गेल्या, टोकाखाली हाडाचा ओटा तयार झाला आणि स्टेम खचत राहिला, तर तो सैल. नुसता ओटा पुरेसा पुरावा नाही, टोकाभोवतीच्या रेषेसह असेल तर आहे.

सिमेंटेड स्टेमसाठी हॅरिस आणि सहकाऱ्यांची १९८२ ची विभागणी सोपी आहे. स्टेम सरकला, सिमेंट तडकलं, स्टेम वाकला-तुटला, किंवा स्टेम आणि सिमेंटमध्ये नवी रेषा आली: नक्की सैल. सिमेंट आणि हाडामध्ये पूर्ण घेरात रेषा: बहुधा सैल. अर्ध्याहून अधिक पण पूर्ण नाही: कदाचित. पॉलिश निमुळत्या स्टेमला यातून वगळा. त्याच्या खांद्याशी, झोन १ मध्ये, सरकल्यामुळे फट दिसतेच. जुन्या सिमेंटमध्येच नवं भरलं असेल तर दोन थरांमधली पुसट रेघ पहिल्याच फिल्मवर असू शकते. ती तेव्हापासून होती का, एवढंच तपासा.

ऑस्टिओटॉमीचा तुकडा जुळला का, तारा शाबूत आहेत का, हे वेगळं लिहा. एखादी तार तुटली म्हणजे स्टेम सुटला असं होत नाही.

फिल्म काय सांगत नाही

इन्फेक्शन. पूर्ण नॉर्मल फिल्ममागे पू असू शकतो. वर्ष-दोन वर्षांत झपाट्याने वाढलेल्या रेषा, हाडावर थरांचा पेरिऑस्टिअल (हाडावरच्या आवरणाचा) प्रतिसाद, पेशंटला बसल्या जागी आणि रात्रीही ठणका: यापैकी काही असेल तर ईएसआर, सीआरपी (दाह दाखवणाऱ्या रक्ताच्या तपासण्या) आणि खुब्यातलं पाणी काढून कल्चर. ते पाणी अँटिबायोटिक सुरू करण्याआधी काढा. गावातल्या दवाखान्यात आधीच कोर्स सुरू झाला असेल आणि पेशंटची प्रकृती स्थिर असेल, तर दोन आठवडे थांबवून मग पाणी काढावं. जखमेतून स्राव येत असेल तर फिल्मच्या मालिकेची वाट पाहू नका, त्याच आठवड्यात पाठवा. अचानक पाय आखूड झाला, पडल्यावर मांडी दुखते, पाय टाकता येत नाही, अशा वेळी फ्रॅक्चर शोधा. स्टेमभोवती फ्रॅक्चर असेल तर स्टेम सैल आहे की नाही यावर पुढचा सगळा बेत ठरतो, तेव्हा जुनी फिल्म पुन्हा मागवा.

बोन स्कॅन ऑपरेशननंतर बराच काळ गरम राहतो, म्हणून पहिल्या दोन वर्षांत त्याच्यावर खर्च करायला मी सांगत नाही. कपमागच्या हाडाची पोकळी मोजायची असेल तर मेटल आर्टिफॅक्ट (धातूमुळे इमेजमध्ये येणारे दोष) कमी करणारा सीटी उपयोगाचा.

पुढची तारीख आणि रिपोर्ट

सहा आठवडे, तीन महिने, सहा महिने, एक वर्ष, मग दरवर्षी. हे वेळापत्रक पाठ्यपुस्तकातलं. बीड, जालना, परभणीकडच्या कित्येक घरांत दिवाळीच्या सुमाराला कुटुंब ऊसतोडीला निघतं आणि परततं तेव्हा गुढीपाडवा होऊन गेलेला असतो. रिव्हिजन झालेल्या माणसाने मोळी उचलू नये हे सांगाच, पण तो कोपीवर सोबत जाणार हेही गृहीत धरा. अशांना तारीख नका देऊ. 'निघण्याआधी एक फिल्म, आल्यावर एक फिल्म' असं सांगा, ते लक्षात राहतं. मधल्या काळात मांडीत नवं दुखणं सुरू झालं, विशेषतः बसून उठल्यावरच्या पहिल्या काही पावलांना, तर कारखान्याजवळच्या गावात फिल्म काढून सोबत आणायला सांगा.

रिपोर्ट असा लिहावा: 'उजवा खुबा, रिव्हिजननंतर १ वर्ष. तुलना: ऑपरेशननंतरची पहिली आणि ३ महिन्यांची फिल्म. मॅग्निफिकेशन बॉलच्या व्यासावरून दुरुस्त. कप: झोन २ मधली पहिल्या फिल्मवरची फट आता भरलेली, स्थलांतर नाही, स्क्रू शाबूत. स्टेम: ३ महिन्यांपर्यंत ४ मिमी खचला, त्यानंतर बदल नाही, झोन ३ ते ५ मध्ये रेषा नाहीत. ऑस्टिओटॉमी जुळलेली, वरची तार तुटलेली. मत: दोन्ही भाग स्थिर. पुढची फिल्म एक वर्षाने, त्याच पोझिशनमध्ये.' जुनी फिल्म मिळालीच नसेल तर मताच्या जागी 'तुलनेअभावी आज सांगता येत नाही, तीन महिन्यांनी पुन्हा' असं लिहायला संकोच करू नका. रिपोर्टची एक प्रत पेशंटच्या पिशवीत टाका. पहिली फिल्म आणि स्टिकरचं पान यांचा मोबाइलवर सरळ फोटो काढून घरातल्या दोन जणांकडे ठेवायला सांगा.